अक्षररचनेची बाराखडी: देवनागरीचा हिशेब कुठवर आला?

एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसलेल्या मराठी मुलाला अक्षररचना पहिल्यांदा भेटते ती भूमितीच्या पेपरात. दोन समांतर रेषा आखायच्या, त्यांच्यात चौकटी पाडायच्या आणि पट्टी-कंपासने ठोकळेबाज अक्षरे उभी करायची. पुढे हाच मुलगा उपयोजित कलेच्या महाविद्यालयात जातो, तेव्हा त्याच्या हाती इंग्रजी पुस्तके पडतात. एमिल रूडर, रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट, एलेन लप्टन. त्यांतून तो बेसलाइन, एक्स-हाइट, सेरिफ, कर्निंग शिकतो. चार-पाच वर्षांनी कुणीतरी त्याला मराठी दिवाळी अंकाची मांडणी करायला देतो आणि शिकलेल्यातले नेमके किती इथे लागू पडते, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो.

अक्षररचनेची मूलतत्त्वे कोणती, या प्रश्नाचे उत्तर रोमन लिपीपुरते बरेचसे ठरलेले आहे. देवनागरीत काय ठरले आहे, काय वादात आहे आणि कशाला अजून हातच लागलेला नाही, याचा आढावा इथे घ्यायचा आहे. तो मुख्यतः मराठी मजकुराच्या अंगाने घेतो, कारण देवनागरी हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृतचीही असली तरी मराठीच्या गरजा काही बाबतींत वेगळ्या आहेत.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण वर्गात त्याची फार गल्लत होते. हाताने सुंदर अक्षर काढणे म्हणजे सुलेखन. एखाद्या नाटकाचे किंवा मासिकाचे नाव त्या एका जागेसाठी रेखाटणे म्हणजे नावलेखन किंवा अक्षरांकन. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींतून मराठी माणसाला त्याची गोडी लावली. पुन्हापुन्हा वापरता येईल असा अक्षरांचा संच घडवणे म्हणजे टंकरचना. आणि तयार टंक घेऊन मजकूर वाचकापुढे मांडणे, म्हणजे आकार, ओळ, परिच्छेद, समास, मोकळी जागा ठरवणे, ही अक्षररचना. चौघींचे नाते बहिणींचे आहे, पण काम वेगळे. मराठीत पहिल्या दोघींचे कौतुक भरपूर झाले, तिसरीकडे गेल्या पंधरा-वीस वर्षांत लक्ष गेले, आणि चौथी, जिच्यावर रोजचे वाचन उभे आहे, ती मागे राहिली.

खिळ्यांपासून पडद्यापर्यंत

भारतात छपाईयंत्र पहिल्यांदा आले ते गोव्यात, १५५६ साली. पण त्या यंत्राकडे देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले ते रोमन अक्षरांत. भाषा मराठी, लिपी परकी. छापील नागरी अक्षर दिसू लागले ते दूर ॲमस्टरडॅममध्ये: १६७८ च्या ‘हॉर्टस मलाबारिकस’च्या पहिल्या खंडात कोकणी वैद्यांचा नागरीतला मजकूर आहे, पण तो पत्र्यावर कोरलेला आहे, जुळवलेला नाही. सुट्या खिळ्यांनी मराठी छापण्याचे मोठे काम झाले ते बंगालमधल्या श्रीरामपूरला. विल्यम केरीचे मराठी व्याकरण तिथे १८०५ साली देवनागरीत निघाले आणि १८१० चा कोश मोडीच्या खिळ्यांत.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळाप्रेसचे वैशिष्ट्य असे की लेखनिकाचा हात त्यात जसाच्या तसा उतरतो; मात्रेला जागा पुरेल का, जोडाक्षर कुठे बसवायचे, हे प्रश्न लेखणीने आधीच सोडवलेले असतात. खिळ्यांच्या छपाईत ते प्रश्न धातूत सोडवावे लागतात. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहम यांनी आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजी चौधरी यांनी ते काम पुढे नेले. जावजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरचे वळण इतके स्वच्छ होते की संस्कृत ग्रंथांसाठी ते देशभर प्रमाण मानले गेले, आणि आजही नव्या टंकाचा कर्ता पाहण्यासाठी पहिल्यांदा निर्णयसागरची पुस्तके उघडतो.

पण त्या सौंदर्याची किंमत खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला मोजावी लागे. इंग्रजी जुळाऱ्याचे काम शे-दीडशे घरांत भागायचे. मराठी जुळाऱ्यापुढे जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रा-उकारांचे वेगवेगळे तुकडे धरून शेकडो खिळ्यांच्या केसा मांडलेल्या असत. मात्रा स्वतंत्र खिळ्याने वर बसवायची की मात्रेसकट अक्षर एकाच खिळ्यात ओतायचे, याच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या. यातूनच लिपिसुधारणेचा प्रश्न आला. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्यासाठी खटाटोप केला. सावरकरांनी अ-ची बाराखडी सुचवली: अि, अी, अु. काही नियतकालिकांनी ती वापरलीही. पुढे लिनोटाइप आणि टंकलेखन यंत्र आले. लिनोटाइपमध्ये साचे ठेवण्याच्या मॅगझिनमध्ये नव्वदच खाचा, म्हणजे तेवढ्यात सगळी देवनागरी बसवायची. जोडाक्षरे मोडून आडवी करण्याची सवय जी लागली, तिचे एक मूळ इथे आहे. लिपीचे वळण म्हणून आपण ज्याकडे पाहतो, त्यातले बरेचसे यंत्राच्या अडचणीने घडवलेले आहे, हे विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यातच कळायला हवे असे मला वाटते.

संगणकाने ती अडचण दूर केली, पण एकदम नाही. पुण्यात मुकुंद गोखले यांची इन्स्टिट्यूट ऑफ टायपोग्राफिकल रिसर्च, १९८८ साली स्थापन झालेली सी-डॅक आणि तिचे जिस्ट तंत्रज्ञान, मॉड्युलरची श्री-लिपी यांनी मराठी डीटीपीचा पाया घातला. त्या काळातले बहुतेक फाँट रोमन अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवणारे होते. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तो फाँट नसला, की पानभर अर्थहीन इंग्रजी अक्षरे. युनिकोडने प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला, ओपनटाइपने जोडाक्षर घडवण्याचे नियम फाँटच्या आत ठेवले. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ घरोघरी गेला. २००९ नंतर इंडियन टाइप फाउंड्री, मुंबईचा ‘एक टाइप’ यांसारखे गट उभे राहिले. ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘मोदक’ हे ‘एक टाइप’चे टंक कुणालाही मोफत वापरता येतात. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ उपलब्ध करून दिला. तुटवड्याचा काळ आता संपला आहे.

ज्यावर दुमत नाही

काही तत्त्वे लिपीवर अवलंबून नाहीत आणि ती थोडक्यात सांगून पुढे जाता येते. वाचकाची नजर आधी कुठे जावी, नंतर कुठे, हे आकार, वजन आणि मोकळ्या जागेने ठरते. एका पानावर दोनाहून अधिक टंककुळे क्वचितच लागतात. परिच्छेद वेगळा दाखवायला एकतर पहिली ओळ आत घ्यावी किंवा मध्ये जागा सोडावी; दोन्ही एकदम नको. समास ही उरलेली जागा नव्हे, ठरवलेली जागा आहे. रकान्यांची चौकट आधी आखली की निर्णय सोपे होतात. आणि मजकूर वाचल्याशिवाय त्याची रचना करू नये. हे सर्वांत जुने आणि सर्वांत जास्त मोडले जाणारे तत्त्व.

युरोपात ही तत्त्वेही वादांतूनच ठरली. बिॲट्रिस वॉर्ड यांनी १९३० मध्ये छपाईला स्फटिकाच्या पेल्याची उपमा दिली: आतले पेय दिसावे, पेला दिसू नये. यान चिखोल्ड यांनी १९२८ साली नव्या, असममित, सेरिफविरहित रचनेचा जाहीरनामा लिहिला आणि पुढे स्वतःच त्यातल्या हट्टापासून दूर गेले. म्हणजे आपल्याकडे पाठ्यपुस्तकातून ‘नियम’ म्हणून येते ती प्रत्यक्षात एका दीर्घ चर्चेची एक बाजू असते.

तीन भूमिका

देवनागरीच्या विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी, यावर शिक्षक आणि व्यावसायिक यांच्यात ढोबळमानाने तीन भूमिका दिसतात.

पहिली भूमिका अशी की अक्षररचनेची तत्त्वे सार्वत्रिक आहेत. डोळा तोच, कागद तोच, पडदा तोच. रोमनमध्ये पाचशे वर्षांचे लेखन, परिभाषा आणि नमुने हाताशी आहेत. तिथे पाया घालावा आणि मग देवनागरीकडे यावे. या भूमिकेचे बळ व्यवहारात आहे. विद्यार्थ्याला नोकरी करायची असते ती बहुधा द्विभाषिक कामाची. औषधाच्या वेष्टनापासून मेट्रोच्या फलकापर्यंत दोन्ही लिप्या शेजारी असतात, आणि सॉफ्टवेअरची भाषा तर रोमनचीच आहे. बेसलाइनपासून ओळींचे अंतर मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काम करायचे, तर बेसलाइन कळली पाहिजे.

दुसरी भूमिका लेखणीपासून सुरुवात करते. तिरक्या टाकाने रोमन लिहिताना जाड रेषा ज्या दिशेला पडते, त्याच्या उलट दिशेला ती बोरूने नागरी लिहिताना पडते, कारण बोरूचा काप उलटा असतो. आडवी आणि उभी रेषा जवळपास सारखी जाड आणि तिरप्या रेषांत फरक, ही नागरीची ठेवण त्या कापातून आली. ज्याने बोरू धरला नाही त्याला ‘क’चे पोट कुठे जाड असावे हे आकृतीवरून पाठ करावे लागते; ज्याने धरला त्याचा हात ते सांगतो. र. कृ. जोशी हे या विचाराचे मोठे नाव. जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक, कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापक आणि अखेरीस संगणकाच्या टंकांचे कर्ते, असा त्यांचा प्रवास १९३६ ते २००८ या आयुष्यात झाला. त्यांचे उदाहरण महत्त्वाचे यासाठी की लेखणीचा आग्रह धरणारा माणूस यंत्रापासून पळाला नाही.

या भूमिकेची दुसरी बाजू परिभाषेची आहे. रोमन अक्षर बेसलाइनवर उभे असते; नागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. म्हणून नागरीला मोजण्याच्या रेषाही स्वतःच्या हव्यात. अभ्यासकांनी त्यासाठी माणसाच्या देहावरून नावे घेतली: शिरोरेषा, स्कंधरेषा, नाभिरेषा, जानुरेषा, पादरेषा. वर रफार-मात्रांची पातळी, खाली उकारांची. बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ १९७१ साली भाषा संचालनालयाने काढला. गोखले यांनी आपल्या परीने मांडणी केली. गिरीश दळवी यांनी २००९ साली देवनागरी टंकांच्या शरीररचनेवर निबंध लिहून आधीच्या मांडण्या तपासल्या. सगळ्यांच्या रेषा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. नाईकांचा ग्रंथ इंग्रजीत आहे हेही इथे नोंदवायला हवे.

तिसरी भूमिका तंत्राकडून येते. तिचे म्हणणे असे की आजचा मजकूर बोरूने लिहिला जात नाही आणि खिळ्यांनीही नाही. तो युनिकोडच्या क्रमांकांची माळ असतो आणि ओपनटाइपचे नियम तिला आकार देतात. विद्यार्थ्याने हे समजून घेतले नाही, तर त्याची सौंदर्यदृष्टी कितीही चांगली असो, छापून आलेल्या पानावर ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर बसलेली असेल. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही तर नेमके हेच होते. हे माहीत नसल्याने अख्खा अंक पुन्हा जुन्या फाँटात जुळवल्याचे मी एका छापखान्यात पाहिले आहे.

माझ्या मते या तिन्ही भूमिका एकमेकींना खोडत नाहीत. वाद क्रमाचा आणि वेळेचा आहे. तरी क्रमाला महत्त्व आहे. जे आधी शिकवले जाते ते मापदंड होते आणि नंतरचे त्यातला अपवाद. रोमन आधी शिकलेला विद्यार्थी शिरोरेषेला ‘वरची बेसलाइन’ म्हणतो, आणि मग त्या शब्दातून बाहेर पडायला त्याला वर्षे लागतात.

जिथे रोमनचे माप पुरत नाही

या वादाची खरी परीक्षा ओळीवर होते. ब्रिंगहर्स्ट यांच्या १९९२ च्या पुस्तकामुळे रूढ झालेला संकेत असा की वाचनाच्या ओळीत ४५ ते ७५ अक्षरे असावीत, ६६ म्हणजे उत्तम. आता ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द घ्या. वाचणारा त्यात चार अक्षरे पाहतो: वि, द्या, र्थ्यां, नी. युनिकोडला त्यात पंधरा चिन्हे दिसतात. एकट्या ‘र्थ्यां’मध्ये सात: र, हलन्त, थ, हलन्त, य, काना, अनुस्वार. मग ६६ कशाची मोजायची? संगणक मोजतो तशी चिन्हे मोजली तर ओळ आखूड होते; डोळ्याला दिसणारी अक्षरे मोजली तर ती पानाबाहेर जाते. शब्द मोजावेत, तर मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, ‘महाविद्यालयांमधल्यांपेक्षा’सारखे लांब शब्द सहज होतात, म्हणून इंग्रजीतला दर ओळीला दहा-बारा शब्दांचा अंदाजही चालत नाही. हा प्रश्न केवळ मोजणीचा नाही. लिपीचे एकक कोणते, वर्ण की अक्षर, याच्या उत्तरावर परिच्छेदाचे मोठे आद्याक्षर कुठे तोडायचे, ओळीच्या शेवटी शब्द कुठे मोडायचा, हेही ठरते. ‘स्त्री’ या शब्दाने परिच्छेद सुरू होत असेल तर मोठे करायचे ते सबंध अक्षर. त्यातला ‘स्’ तेवढा मोठा करणे म्हणजे अक्षर फोडणे.

आकाराचेही तसेच. बारा पॉइंट म्हणजे एक सहांश इंच, हे माप दोन्ही लिप्यांना एकच; पण त्या उंचीत नागरीला वर रफार-मात्रा आणि खाली उकार सामावून घ्यायचे असतात. परिणामी त्याच पॉइंटात मूळ अक्षर लहान पडते. द्विभाषिक पानावर दोन्ही मजकूर सारखे दिसावेत म्हणून नागरी मोठी करावी लागते. किती मोठी, याला एक आकडा नाही. टंक बदलला की तो बदलतो. कुणी शिरोरेषा रोमन कॅपिटलच्या माथ्याला टेकवतो, कुणी एक्स-हाइटपेक्षा थोडी वर ठेवतो. पहिल्याने फलकावर दोन्ही लिप्या तुल्यबळ दिसतात, दुसऱ्याने चालू मजकुराचा गडदपणा एकसारखा राहतो. दोन्ही बाजूंना चांगले रचनाकार आहेत. ओळींच्या अंतराबाबत मात्र शंका नको: सॉफ्टवेअर आपोआप देते ते १२० टक्के अंतर रोमनसाठी बेतलेले आहे, आणि त्यात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतात.

अक्षरांमधले अंतर वाढवून मथळा हवेशीर करण्याची रोमनमधली युक्ती नागरीत आणली की शिरोरेषा तुटते. पहिल्या वर्षाच्या भित्तिपत्रकांत मला हे दर वेळी दिसते. दोन अक्षरांमध्ये पांढऱ्या फटी आणि शब्दाचे सुटे तुकडे. शिरोरेषा मुद्दाम वगळलेले किंवा तोडलेले टंक आहेत आणि नावलेखनात ते शोभतातही, पण तो टंककर्त्याचा निर्णय असतो. ओढून ताणलेली ओळ तशी नसते.

कॅपिटल अक्षरे नागरीत नाहीत. इटॅलिकही नाही, रोमनमध्ये तो १५०१ च्या सुमारास व्हेनिसला आल्डस मानुटियसच्या छापखान्यात स्वतंत्र वळण म्हणून आला, तर आपल्याकडे सरळ अक्षर यंत्राने कलते केले जाते. म्हणजे शब्दावर जोर देण्याची दोन साधने कमी. उरतात वजन, आकार, रंग आणि अवतरणचिन्हे. वजन फार वाढवले की ‘क्ष’, ‘ध’, ‘ण’ यांतल्या पोकळ्या भरून जातात, म्हणून चांगला जाड टंक हा बारीक टंकाला फुगवून मिळत नाही. सेरिफ आणि सॅन्ससेरिफ ही वर्गवारीही नागरीत नीट बसत नाही, कारण सेरिफ नावाचा अवयवच इथे नाही. बोरूची जाड-बारीक रेषा असलेले आणि एकसारख्या जाडीचे, असे दोन गट करणे अधिक खरे. तरी व्यवहारात ‘मराठी सॅन्स’ हा शब्द रुळला आहे आणि तो जाणार नाही.

मराठीची म्हणून असलेली प्रकरणे

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. पहिले गुरू, दुसरे स्वयंपाकी. अर्थातला हा फरक फक्त र कसा लिहिला यावर आहे. मराठीचा हा अर्धचंद्राकार र हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदीचा विचार करून केलेल्या कित्येक टंकांत तो कच्चा राहतो किंवा पुढच्या अक्षराला नीट जोडला जात नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. टंक निवडताना मराठी रचनाकाराने ‘दऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘ॲप’, ‘वाङ्मय’, ‘बाळ्या’ हे शब्द आधी टाइप करून पाहावेत. ही सवय कोणत्याही सिद्धान्ताआधी लावावी.

ल आणि श यांचा प्रश्न जुना आहे. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श, हिंदीत वेगळे आकार. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीच्या आकारांना प्रमाण म्हटले. पण युनिकोड या दोन आकारांना वेगळा क्रमांक देत नाही. कोणता आकार दिसायचा हे टंक आणि मजकुराची निवडलेली भाषा ठरवते. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली असेल आणि टंकात सोय असेल तरच मराठी आकार येतो. टिरो टाइपवर्क्सने हा प्रश्न हिंदी, मराठी, संस्कृत असे तीन वेगळे टंक करून सोडवला. एका बाजूला म्हणणे असे की लिपी एक आहे, वाचकाला दोन्ही आकार ओळखता येतात, फरक ताणू नये. दुसऱ्या बाजूला म्हणणे असे की लहान मूल वहीत एक आकार गिरवते आणि मोबाइलवर दुसरा पाहते, हे बरे नाही. मला दुसरी बाजू पटते, विशेषतः लहान मुलांच्या पुस्तकांपुरती.

जोडाक्षरांचा वाद अधिक अवघड आहे. गेल्या काही वर्षांतल्या अनेक पाठ्यपुस्तकांत ‘विद्‌यार्थी’ असा पाय मोडलेला द दिसतो. या पद्धतीचे समर्थक म्हणतात की मुलाला घटक वेगळे दिसतात, उच्चाराचा क्रम कळतो, शिकणे सोपे जाते. विरोधक म्हणतात की ‘द्य’, ‘द्ध’, ‘ह्म’ ही घडीव अक्षरे शतकानुशतके हाताने आणि छपाईने घडवली, ती ओळीत कमी जागा घेतात, आणि शाळेबाहेरच्या सगळ्या पुस्तकांत मुलाला तीच भेटणार आहेत. आज यंत्राची अडचण उरलेली नाही. म्हणजे प्रश्न शुद्ध वाचनाचा आहे. आणि वाचनाच्या प्रश्नाचे उत्तर मोजमापाने द्यायला हवे, अभिरुचीने नव्हे.

काय उरले

इथे आढाव्यातली सर्वांत मोठी पोकळी येते. रोमनमध्ये ओळीची लांबी, अक्षराचा आकार, ओळींतले अंतर यांचा वाचनाच्या गतीवर आणि आकलनावर काय परिणाम होतो, याचे शास्त्रीय काम विसाव्या शतकभर झाले. मराठी वाचकाबाबत त्या तोडीची, सर्वांना माहीत असलेली आणि वर्गात शिकवली जाणारी मापे नाहीत. आपण वापरतो ते छापखान्यातल्या जुन्या माणसांचे अनुभव, जे मौल्यवान आहेत, आणि इंग्रजीतून आणलेले आकडे, जे इथे तपासलेले नाहीत.

परिभाषेचा प्रश्न दुसरा. फाँटला टंक म्हणावे की मुद्राक्षर, लेडिंगला ओळअंतर की पंक्त्यंतर, कर्निंगला काय, याबाबत प्रत्येक शिक्षकाचे स्वतःचे शब्द आहेत. छापखान्यात खिळा, जुळारी, केस, मुद्रित असे अस्सल शब्द होते; यंत्र गेले तसे तेही चालले. २००८ पासून आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने भरणाऱ्या टायपोग्राफी डेसारख्या परिषदांतून भारतीय लिप्यांवर बरेच लिहिले-बोलले गेले, पण ते बहुतांशी इंग्रजीत. अ. का. प्रियोळकरांचा भारतीय छापखान्यांचा इतिहासही इंग्रजीतच, १९५८ चा. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या लिपीविषयी वाचायला आधी दुसरी लिपी ओलांडावी लागते.

आणि तिसरा प्रश्न दीर्घ वाचनाच्या टंकांचा. मथळ्यांसाठी आज सुंदर निवड आहे. चारशे पानांच्या कादंबरीसाठी, ठळक आणि मधल्या वजनांसह, मराठीची सर्व अक्षरे नीट असणारे आणि कागदावर थकवा न आणणारे टंक मोजकेच आहेत. प्रकाशक मग वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या टंकांकडेच परत जातो, आणि त्याचे काही चुकते असे नाही.

उपयोजित कलेच्या महाविद्यालयांतून दर वर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प होतात आणि त्यांत नवा शोभेचा टंक करण्याकडे विद्यार्थ्यांचा ओढा असतो. शिक्षकांना विनंती आहे की त्यांतला एक तरी प्रकल्प मोजमापाचा असू द्या. एकच मराठी उतारा, तीन लांबीच्या ओळी, वीस-तीस वाचक, हातात घड्याळ आणि वाचून झाल्यावर विचारायचे पाच प्रश्न. एवढ्यावर सुरुवात होते. निकाल मराठीत लिहा आणि पुढच्या वर्षाच्या मुलांना वाचायला द्या.